दारूचा विषय घरात काढायचा कसा?

थंडी पडली की भडगाव तालुक्यात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. गिरणेकाठच्या एखाद्या मळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर हिरवी मोठी वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर पंगत बसवायची. बायका, मुलं, पाहुणे सगळेच येतात. अंधार पडायला लागला की त्यातले चार-पाच पुरुष ‘आलोच’ म्हणत मोटारीच्या खोलीमागे जातात. वांगी उलटी करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला थोड्या वेळाने हाक येते, ‘पाण्याची बाटली आण रे, आणि शेंगदाणे बी.’ तो नेऊन देतो, बघतो, परत येतो. त्याला कुणी काही सांगत नाही आणि तोही काही विचारत नाही.

या मुलाला दारू म्हणजे काय ते माहीत आहे. कोण पितं, किती पितं, दुसऱ्या ग्लासानंतर कोणत्या काकांचा आवाज चढतो, कोण रडायला लागतं, हेही त्याला ठाऊक आहे. त्याबरोबर तो आणखी एक गोष्ट शिकला आहे: या विषयावर घरात बोलायचं नसतं. आईबापांना मात्र वाटतं, आपण नाव काढत नाही म्हणजे घर सुरक्षित आहे. ‘मन्हा पोऱ्या तसा नही’ हे वाक्य आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटलं जातं. पोऱ्या तसा नसेलही. पण सोळाव्या वर्षी कुणी त्याच्या हातात बिअरचा ग्लास दिला, किंवा त्याच्या मित्राला उलट्या होऊ लागल्या, तर त्या रात्री फोन कुणाला करायचा? ज्या घरात हा विषयच नाही, तिथे तो फोन करणार नाही. माझ्या मते सगळं बोलणं या एका फोनसाठी करायचं असतं. मुलगा आयुष्यात कधी थेंब घेणार नाही याची हमी कुठलाच बाप देऊ शकत नाही. अडचणीत तो आधी आपल्याकडे येईल, एवढी व्यवस्था मात्र नक्की करता येते.

बोलण्याच्या आधी करायची एक गोष्ट आहे. मुलाला दारू आणायला पाठवणं आजपासून बंद करा. ‘जा, टपरीवरून सोडा आण’, ‘दुकानातून क्वार्टर घेऊन ये, माझं नाव सांग’ हे गावोगाव चालतं आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. कायद्याला वाटतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय दारू किंवा तंबाखू दिली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मध्ये मुलाकडून दारू विकून घेणं, तिची ने-आण करून घेणं यालाही तेवढीच शिक्षा आहे. ‘घरचंच पोरगं आहे’ ही सबब त्यात कुठे लिहिलेली नाही. शिक्षेपेक्षाही मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. ज्याच्या हाताने बाटली मागवली, त्याला ‘ही वाईट वस्तू आहे’ असं रात्री जेवताना सांगता येत नाही. तो मनात हसतो, आणि त्याचं बरोबर असतं. मटणाच्या पंगतीत ‘घे, एक घोट, मर्द हो’ म्हणून भाच्या-पुतण्याला ग्लास पुढे करणारे मामा-काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांना मुलासमोरच आणि लगेच थांबवायला हवं. पाहुणा रुसला तर रुसू द्या.

आता स्वतःच्या पिण्याबद्दल. जे बाप पितात त्यांना वाटतं की आपल्याला बोलायचा हक्क नाही. मग ते एकतर गप्प राहतात किंवा दुप्पट ओरडतात. खरं बोलणारा बाप मुलाला चालतो. ‘मी कधीमधी घेतो, तुला माहीत आहे. विसाव्या वर्षी मित्रांच्या नादाने सुरू झालं. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि सोडायला मला जड जातंय. तुझं वय अजून ते नाही. कायद्यानेही नाही.’ एवढं पुरे. ‘कामाचा शीण जातो’, ‘धंद्यात घ्यावी लागते’ ही कारणं सांगत बसू नका. मुलगा तीच कारणं पाच वर्षांनी तुम्हाला ऐकवेल. आणि बोलून झाल्यावर निदान एवढं पाळा: पिऊन गाडी चालवायची नाही, पिऊन मुलांशी हिशेब किंवा अभ्यासाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, पिऊन आईवर आवाज चढवायचा नाही. तुमच्या एका तासाच्या बोलण्यापेक्षा या तीन गोष्टी मुलगा जास्त लक्षात ठेवतो.

जे घेत नाहीत, त्यांची अडचण वेगळी. माळकरी घरात मुलाच्या गळ्यात लहानपणीच तुळशीची माळ पडते आणि आईबाप निर्धास्त होतात. स्वतःहून घातलेली माळ माणसाला फार मोठा आधार देते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कित्येक बिघडलेले संसार पंढरीच्या वाटेने सावरले. पण मुलावर लादलेली शपथ वेगळी. ‘माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग, घेणार नाहीस’ असं आईने म्हटलं की मुलगा हात ठेवतो. उद्या चूक झाली तर आता त्याला दोन गोष्टी लपवायच्या असतात, प्यायलो ते आणि शपथ मोडली ते. शपथ न घालता सरळ विचारा, ‘तुला कुणी आग्रह केला का कधी?’

हे बोलणं एका बैठकीत उरकायचं नसतं. मुलाला समोर बसवून तासभर सांगितलेलं पहिल्या पाच मिनिटांनंतर कानात जात नाही. पाचोऱ्याला जाताना मोटारसायकलवर, शेतात पाणी भरताना, आईबरोबर शेंगा निवडताना दोन वाक्यं बोलायची आणि विषय सोडायचा. शेजारी बसलं की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून मुलंही सैल होतात. आठ-नऊ वर्षांचं मूल बसस्टँडवर झिंगून पडलेला माणूस पाहून हसतं. त्या वेळी आपणही हसून ‘बेवडा आहे’ म्हणतो. त्याऐवजी ‘त्याला दारूचा आजार लागला आहे, त्याच्या घरी त्याची मुलं वाट बघत असतील’ म्हणा. वर्गातल्या कुणाचा बाप असाच असू शकतो आणि उद्या हेच मूल त्या मित्राला चिडवायला पुढे असेल. दहा-अकराव्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यातल्या जाहिराती कामाला येतात. दारूची जाहिरात टीव्हीवर करायला बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा, पाणी, गाण्यांच्या सीड्या विकल्या जातात. ‘हे सोड्यासाठी एवढा खर्च का करत असतील रे?’ असा प्रश्न टाका. मुलं असली चलाखी पकडण्यात आपल्यापेक्षा हुशार असतात आणि आपल्याला कुणी बनवतंय हे कळलं की त्यांना राग येतो. तो राग उपयोगाचा आहे.

चौदाव्या-पंधराव्या वर्षानंतर मात्र नुसतं ‘वाईट असते’ चालत नाही. मुलाकडे मोबाइल आहे, त्याला आकडे आणि कारणं लागतात, आणि तुमचं एक विधान खोटं निघालं की बाकीची नऊही तो सोडून देतो. ‘एक घोट घेतला की माणूस दारुडा होतो’ असं सांगू नका. मोटारीच्या खोलीमागचे काका त्याने पाहिले आहेत. त्यापेक्षा जे खरं आहे तेच सांगा, ते पुरेसं गंभीर आहे.

‘बिअर म्हणजे काही दारू नाही’ हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ६० मिलिलीटरच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बिअर घेतलेल्या पोराने दोन मोठे पेग घेतलेले असतात. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळतं. ती एक बाटली उतरायला चार ते सहा तास लागतात; लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. हा हिशेब मुलाला कागदावर करायला लावा. विज्ञान शिकणाऱ्या मुलाला तो आवडतो.

मेंदूचा जो भाग आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून लवकर सुरुवात करणाऱ्यांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त. ‘बाहेर घेण्यापेक्षा घरात आमच्यासमोर घेऊ दे, म्हणजे प्रमाणात राहील’ असं म्हणणारे शिकलेले आईबाप आता तालुक्याच्या गावीही भेटतात. मला हा विचार पटत नाही. घरी मिळालेल्या परवानगीने बाहेरचं पिणं थांबत नाही, फक्त बाहेर नकार द्यायचं एक कारण कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलं आहे की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, बाकीच्या दारूसाठी २५. कॉलेजातल्या बहुतेक मुलांना ही पंचवीसची अट माहीतच नसते.

हातभट्टीबद्दल वेगळं सांगा. पहिल्या धारेची ‘शुद्ध’ असते असा एक समज अजून टिकून आहे. अवैध दारूत मिथेनॉल असेल तर ते वासाने, चवीने ओळखता येत नाही. त्याने दृष्टी जाते, जीव जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली.

आणि ‘सगळेच घेतात’ या वाक्याला उत्तर तयार ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू घेणारे देशभरात १८.८ टक्के निघाले. लोक सर्वेक्षणात खरं सांगत नाहीत म्हणाल, तर आकडा दुप्पट धरा. तरीही न घेणारेच जास्त उरतात. ते दिसत नाहीत, कारण न पिणारा माणूस वरातीत डीजेपुढे लोळत नाही.

वरातीवरून आठवलं. आपल्याकडे पहिला घोट बहुतेकदा हळदीच्या रात्री किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत घेतला जातो, आणि तो देणारा खलनायक नसतो. चुलतभाऊ असतो, जिवाभावाचा मित्र असतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकरला पहिला प्याला देणारा तळीराम त्याचं सांत्वनच करत असतो. म्हणून ‘वाईट संगत धरू नकोस’ या उपदेशाचा उपयोग होत नाही. मुलाच्या डोळ्यांसमोर वाईट माणूस येतच नाही. त्याला नकाराचे शब्द द्या, आणि ते घरी हसत-खेळत म्हणून बघा. ‘नको भो, मला सोसत नाही.’ ‘उद्या भरतीचं मैदान आहे.’ पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे धावणारी पोरं आपल्या प्रत्येक गावात आहेत, हे कारण कुणालाही पटतं. काहीच सुचलं नाही तर तुमचं नाव पुढे करू द्या: ‘आमचे पप्पा घरी गेल्यावर तोंडाचा वास घेतात, पाय मोडतील.’ तुम्ही तसे नसाल तरी चालेल. चारचौघांत मान खाली न जाता सुटायला मुलाला बहाणा लागतो, आणि तो बहाणा व्हायला बापाने कमीपणा मानू नये.

लग्नघर आपलं असेल तर ‘वऱ्हाडाची सोय’ करायची की नाही हे आपल्या हातात असतं. भाऊकी काय म्हणेल, ही भीती खरी आहे. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि पोरका डेबू मामाकडे वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि गोडाचं जेवण दिलं. तेव्हा ते बाबा नव्हते, एक साधे शेतकरी होते. मुलांना ही गोष्ट सांगताना एवढं आवर्जून सांगा.

मुलींशी हा विषय कुणीच काढत नाही. मुलीला काय गरज, असं वाटतं. पण बारावीनंतर तीही पुण्या-नाशिकला जाते, तिथे वाढदिवस असतात, ग्लासात काय आहे हे माहीत नसतं. आपला ग्लास सोडून गेलं तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, उघडी बाटली कुणाकडून घ्यायची नाही, एकटीने मागे थांबायचं नाही. एवढं तरी आईने सांगावं. आणि काही गडबड झालीच तर ‘तू तिथे गेलीसच का’ हा पहिला प्रश्न असणार नाही, हेही. दुसरी गोष्ट लग्नाची. प्रत्येक बायोडाटात ‘मुलगा निर्व्यसनी’ लिहिलेलं असतं. ते छापून घेणारा बहुधा मुलाचा मामा असतो. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने स्वतः, सरळ विचारावं: किती वेळा घेता, कुणाबरोबर, घरी काय होतं त्या दिवशी? हा प्रश्न विचारायची मुभा तिला आधीपासून घरात मिळालेली असली पाहिजे.

मूल बाहेरगावी निघतं त्या आठवड्यात घरात सूचनांचा पाऊस पडतो. त्यात एक करार तेवढा नीट करा. ‘रात्री कितीही वाजले असोत, तू घेतलेली असो वा गाडी चालवणाऱ्याने, तू फोन कर. मी येईन किंवा कुणाला तरी पाठवीन. त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. बोलू ते दुसऱ्या दिवशी.’ आणि तसा फोन खरंच आला तर शब्द पाळा. एकदा मोडलात तर दुसरा फोन येणार नाही. गाडीबद्दलचे नियम याच वेळी सांगून टाका. शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. भडगाव-चाळीसगाव रस्त्यावर तिघं-तिघं बसून भरधाव जाणारी पोरं पाहिली की वाटतं, हे कलम प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावं.

समजा, एका रात्री तो पिऊन घरी आलाच. त्या वेळी मारू नका, भाऊकी गोळा करू नका, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढू नका. शुद्धीत असेल तर पाणी देऊन कुशीवर झोपवा आणि कुणीतरी जवळ बसा. उताणं झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. बोटं घालून उलटी करायला लावू नका, ताक-लिंबू ओतू नका. हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार हळू किंवा अडखळत चालला असेल, अंग गार, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणत थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगायचं. अब्रूचा विचार सकाळी करता येतो. सकाळी आधी खायला द्या, मग विचारा: कुठे, कुणी दिली, किती, घेण्याआधी मनात काय होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं. परीक्षेत नापास झाला असेल, एखादी मुलगी नाही म्हणाली असेल, बापाच्या कर्जाची चिंता असेल. मग शिक्षा द्या, जरूर द्या. महिनाभर गाडीची चावी नाही, असली ठोस आणि मुदत असलेली. ‘आता तुझ्यावर विश्वासच नाही’ ही शिक्षा नव्हे, त्याला सुधारायला जागाच ठेवत नाही ती.

एवढा वेळ आपण जिथे दारू अजून दाराबाहेर आहे, अशा घरांबद्दल बोललो. जिथे ती घरातच बसली आहे तिथे बोलणं आईवर पडतं. अशा घरातली मुलं ठामपणे समजून असतात की बाबा आपल्यामुळे पितात, आपण त्रास देतो म्हणून. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: हे तुझ्यामुळे झालं नाही, तू ते थांबवू शकत नाहीस, आणि तुला राग येतो तो चुकीचा नाही. बाटल्या शोधून ओतणं, बाबांना दुकानातून ओढून आणणं ही कामं मुलाला देऊ नका. घरात मारहाण असेल तर मुलाला १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक पाठ हवा. व्यसनाच्या उपचाराची माहिती १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मिळते, मन फार खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत रुग्णाइतकंच घरच्यांशीही बोलतात, आणि मद्यपींच्या मुलांसाठी अ‍ॅलाटीन नावाचे गट चालतात.

दोन गोष्टी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. आणि जेवणात गुपचूप औषध मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना माणसाने दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध रुग्णाच्या संमतीशिवाय द्यायचंच नसतं. जाहिरातीतल्या ‘न सांगता दारू सोडवा’ पुड्यांमध्ये काय असतं, ते विकणाराही सांगणार नाही.

बाबा उपचार घेऊन परत येतात तेव्हा घरात पुरणपोळी होते आणि मुलांना सांगितलं जातं की आता बाबा बरे झाले. तसं सांगू नका. ‘बाबांनी पिणं थांबवलंय, रोज थांबवावं लागणार आहे, कदाचित एखाद्या वेळी घसरतीलही’ असं सांगा. घसरले तर मुलाला शेजारच्या घरी किंवा आजीकडे अभ्यासाला पाठवा, भांडण दुसऱ्या दिवसावर टाका आणि केंद्रातल्या समुपदेशकाला सकाळीच फोन लावा. आणि मुलाने विचारलं, ‘बाबा परत प्यायले ना?’, तर हो म्हणा.